निवृत्तीरावांची पहिली निवड

निवृत्तीराव आहेरांना आयुष्यात कोणी पहिल्या झटक्यात निवडलं, असं कधी झालंच नाही. (लग्नाचं म्हणाल, तर विमलच्या वडिलांनी आधीची दोन स्थळं हातची घालवली होती. सासुरवाडीत ही गोष्ट अजूनही चहाबरोबर निघते.) सटाण्याजवळच्या त्यांच्या गावी कबड्डीचे गडी वाटायला दोन कप्तान उभे राहिले, की एकेक पोरगा इकडे नाहीतर तिकडे जायचा, आणि शेवटी मैदानात निवृत्ती आणि सगळ्यांच्या कपड्यांचा ढीग एवढंच उरायचं. मग दोन्ही कप्तानांचं एकमत व्हायचं, "निवृत्ती, तू कपडे सांभाळ." पुढे सातपूरच्या कारखान्यात टाइम ऑफिसात क्लार्क म्हणून चिकटल्यावरही फारसा फरक पडला नाही. कारखान्याच्या क्रिकेट संघात ते स्कोअरर होते. (कपडेही सांभाळत.)

अशा माणसाच्या हातात बेसबॉलचा खोका पडला, तो एका मिसळीमुळे.

झालं असं, की एक नवं मशीन बसवायला कारखान्यात अमेरिकन इंजिनियर आला होता. त्याला कोणीतरी फार प्रेमाने मिसळ खाऊ घातली. तर्री आग्रहाने वाढली. पुढचे काही दिवस मशीन एकीकडे आणि इंजिनियर गेस्ट हाउसमध्ये आडवा. त्याच्याशी इंग्रजीत बोलायला कोणी तरी हवं म्हणून साहेबांनी निवृत्तीरावांना पाठवलं. निवृत्तीरावांचं इंग्रजी 'लेट', 'अॅबसेंट' आणि 'हाफ डे' एवढंच, पण पोट बिघडलेल्या माणसाला त्याहून जास्त लागत नाही. इंजिनियरने वेळ घालवायला बॅगेतून एक खोका काढला. टेबलावर बसून खेळायचं बेसबॉल! प्रत्येक खेळाडूचं एक जाड कार्ड. वर त्याचं टोपीवालं चित्र, खाली आकड्यांचा तक्ता. दोन फासे टाकायचे आणि पडलेला आकडा कार्डावर बघायचा. मग कळायचं, की गडी बाद झाला, की पळाला, की त्याने चेंडू कुंपणाबाहेर भिरकावला. इंजिनियरचं पोट सुधारेपर्यंत निवृत्तीराव निम्मा खेळ शिकले. उरलेला निम्मा त्यांनी पुढे स्वतःच्या डोक्याने भरून काढला. जाताना इंजिनियर तो खोका त्यांनाच देऊन गेला.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या कोपऱ्यात लीग उभी राहिली. चार संघ, चार मॅनेजर. फोरमन कोंडाजी निमसे, टर्नर आणि युनियनचे कार्यकर्ते वाल्मीक पगारे, पॅकिंगमधला काळू, आणि खोक्याचे मालक म्हणून स्वतः निवृत्तीराव. कोंडाजींनी तर संघाचं नावही ठेवून टाकलं, 'फोरमन इलेव्हन'. (बेसबॉलमध्ये नऊच गडी असतात, हे सांगायची हिंमत फोरमनच्या हाताखालच्या कोणात नव्हती.) खरं बेसबॉल चौघांपैकी कोणीच डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे वाद घालायला भरपूर वाव होता.

खोक्यात नियमांचं एक पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं, की हंगाम सुरू होण्याआधी सगळी कार्डं टेबलावर मांडावीत आणि मॅनेजरांनी आळीपाळीने एकेक खेळाडू निवडावा. पहिली निवड कोणाची? तर गेल्या वर्षी जो सगळ्यात शेवटी आला त्याची, म्हणजे दुबळ्यालाही संधी मिळते. हे वाचून निवृत्तीरावांचे डोळे भरून आले. शेवटच्याला पहिला मान देणारा देश त्यांना एकदम जवळचा वाटला.

अडचण एवढीच, की लीगला गेलं वर्षच नव्हतं.

"सिनिऑरिटीने जाऊ," कोंडाजी म्हणाले. ते सगळ्यात जुने होते.

"चिठ्ठ्या टाका. नायतर सरळ मॅनेजमेंटचा पक्षपात म्हणेन मी," वाल्मीक म्हणाला.

यात दोन दिवसांच्या जेवणाच्या सुट्ट्या गेल्या. निवृत्तीरावांचा जीव मात्र एका कार्डात अडकला होता. बक हॅनिगन! रुंद जबडा, आडदांड खांदे आणि कार्डावर होमरनच होमरन, म्हणजे चेंडू थेट कुंपणाबाहेर. रोज रात्री ते ते कार्ड उशाशी घेऊन झोपत. हॅनिगन आपल्या संघात आला, की सटाण्याच्या त्या दोन्ही कप्तानांना परस्पर उत्तर मिळेल, असं त्यांना का कोण जाणे वाटत होतं. शेवटी न राहवून ते बोलून गेले, "असं करू. रविवारी बैठक माझ्या घरी. चहा-पोहे माझ्याकडून. ज्याच्या घरचे पोहे, त्याची पहिली निवड!"

पोह्यांचं नाव निघाल्याबरोबर ठराव एकमताने पास झाला.

आता हे विमलला सांगायला हवं होतं. निवृत्तीरावांनी ठरवलं, योग्य वेळ बघून सांगू. आठवडाभर योग्य वेळ काही आली नाही. आणि रविवारी सकाळी ते जागे झाले, ते धप् धप् अशा आवाजाने.

बाहेरच्या खोलीतल्या दोन्ही खुर्च्या गॅलरीत गेल्या होत्या, आणि खोलीभर बायका पोळपाट घेऊन बसल्या होत्या. कोंडाजींच्या लताबाई, वाल्मीकच्या लंकाबाई, काळूची तानुबाई. मधोमध विमल पदर खोचून उडदाच्या पिठाचा गोळा वरवंट्याने कुटत होती.

"अगं, हे काय?"

"पापड. आज आपला नंबर."

त्या कॉलनीत उन्हाळ्याचे पापड असेच व्हायचे. आज सगळ्याजणी हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. नंबर एकदा लागला, की घरात कोणी आजारी पडलं तरी हलत नसे.

"नंबर जरा पुढच्या रविवारी..." निवृत्तीराव म्हणाले, आणि सगळी लाटणी एकदम थांबली.

"भावजी, पीठ भिजलंय," लंकाबाई म्हणाल्या. "ते काय तुमचं मस्टर आहे का, आजची सही उद्या करायला?"

तेवढ्यात दारात कोंडाजी आणि वाल्मीक येऊन उभे राहिले. कोंडाजींची नजर लताबाईंवर पडली आणि ते जागच्या जागी थिजले.

"तू इथं?"

"मी पापडाला आलेय. तुम्ही तर ओव्हरटाइमला गेला होता ना?"

कोंडाजींनी मदतीसाठी वाल्मीककडे पाहिलं. वाल्मीक भिंतीवरचं कॅलेंडर मन लावून वाचू लागला.

"वहिनी, पोह्यांचं म्हणाले होते निवृत्तीराव," कॅलेंडर वाचून संपल्यावर तो म्हणाला.

विमलने वरवंटा खाली ठेवला. निवृत्तीरावांनी पोह्यांची गोष्ट सांगितली, मग खोक्याची, मग मिसळीची. एवढी सगळी खरी हकिगत त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच एका दमात सांगितली असेल. विमल शांतपणे ऐकत होती. तिची शांतता निवृत्तीरावांच्या ओळखीची होती.

"पोहे होतील," ती म्हणाली. "पण खेळ काय आहे तो आम्हालाही सांगा."

"तुम्हाला नाही समजायचं गं."

"तुम्हाला समजला ना? मग आम्हाला समजेल."

निवृत्तीरावांनी सांगितलं. गडी घरून निघतो. एक ठिकाण, दुसरं ठिकाण, तिसरं ठिकाण, असं करत परत घरी येतो. धडधाकट घरी पोहोचला, की एक रन.

"एवढंच?" तानुबाई म्हणाली. "आमचे हरसूलच्या बाजाराला गेलेत सकाळधरनं. तीन ठिकाणी थांबणारच, घरी कवा येतील नाय सांगता यायचं. त्यांच्या जागी आम्ही निवडणार."

काळू खरोखरच आलेला नव्हता, त्यामुळे चौथा संघ पोरका होता. तानुबाईने तो पदरात घेतला, आणि पदर सगळ्यांनाच होता म्हणून सगळ्या बायका मॅनेजर झाल्या. लाट्या ताटाखाली झाकल्या गेल्या. पोळपाट भिंतीला लागले. पोहे आले, संपले, आणि पापडाच्या जागी कार्डं मांडली गेली.

निवृत्तीरावांनी घसा साफ केला. "तर ठरल्याप्रमाणे, ज्याच्या घरचे पोहे त्याची पहिली निवड. म्हणजे माझी."

"पोहे कोणी केले?" विमलने विचारलं.

"तू केलेस, पण घर..."

"घर कंपनीचं आहे," वाल्मीक तोंडातलं खोबरं चावत म्हणाला. "आणि ठराव घराचा नव्हताच, पोह्यांचा होता. पहिली निवड वहिनींची. युनियन वहिनींच्या पाठीशी आहे!"

कोंडाजींनीही मान हलवली. लताबाईंचं मन थोडं वळवून घ्यायची गरज त्यांना होती.

बायकांची डोकी कार्डांवर वाकली. एवढ्यात निवृत्तीरावांच्या आई, यशोदाबाई, गच्चीवरून खाली आल्या. पहिल्या घाण्याचे पापड वर खाटेवर वाळत घातले होते आणि कावळे राखायचं काम त्यांच्याकडे होतं. पण खाली एवढी कुजबुज चालू असताना वर बसवणार कोणाला? त्यांनी एक कार्ड डोळ्यांजवळ नेलं.

"हाऊ कोना पोऱ्या शे रे, निवृत्ती?"

"अमेरिकेचा आहे, आई."

"आळशी शे," यशोदाबाईंनी निकाल दिला आणि दुसरं कार्ड उचललं.

विमलने मात्र नेमकं बक हॅनिगनचं कार्ड हातात घेतलं.

"हा काय करतो?"

"तो? तो काही नाही. साधाच आहे," निवृत्तीराव म्हणाले.

"साधा कुठला!" वाल्मीक म्हणाला. "वहिनी, हा मारला तर कुंपणाच्या बाहेर मारतो. नाही मारला तर सपशेल बाद."

"म्हणजे आला तर धो धो, नाहीतर थेंब नाही," लंकाबाई म्हणाल्या. "असा आपल्या कॉलनीत नळ आहे की. खाली ठेव त्याला."

हॅनिगन खाली गेला. निवृत्तीरावांना लंकाबाईंच्या पाया पडावंसं वाटलं. बायकांनी शेवटी एल्मर टिब्स नावाचा एक किडकिडीत, कान बाहेर आलेला प्राणी उचलला. त्याच्या कार्डावर मारणं जवळजवळ नव्हतंच. तो उभा राहायचा, समोरच्याचे चेंडू वाईट पडायचे, आणि नियमाप्रमाणे हा आपला चालत चालत पहिल्या ठिकाणी जायचा.

"मारत नाही, पळत नाही, गुमान चालत जातो आणि घरी येतो," विमल म्हणाली. "हा आमचा."

"असा मिळायला नशीब लागतं," लताबाई कोंडाजींकडे न बघता म्हणाल्या.

"आता मी!" निवृत्तीराव पुढे सरसावले.

"थांबा," कोंडाजी म्हणाले. "तुमचा नंबर पोह्यांचा होता. तो वहिनींनी घेतला. उरलेल्यांत सिनिऑरिटी."

या वेळी वाल्मीकनेही हरकत घेतली नाही, कारण नोकरीला तो निवृत्तीरावांच्या आधी लागला होता. निवृत्तीराव तिघांत सगळ्यात नंतरचे होते, आणि त्यांना वादही घालता येईना. सगळ्यांच्या जॉइनिंगच्या तारखा त्यांच्याच अक्षरात होत्या.

कोंडाजींनी हात लांब करून हॅनिगनला उचललं आणि खिशात टाकलं.

निवृत्तीरावांना खरंच वाईट वाटलं. हसण्यावारी न्यावं म्हणून ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. समोर कोणाचंतरी पोह्यांचं रिकामं ताट होतं, तिकडे ते बघत राहिले. पुन्हा एकदा मैदान रिकामं झालं होतं आणि ते कपड्यांच्या ढिगाशी उभे होते. त्यांच्या वाट्याला जे आले ते आले. त्यांत यशोदाबाईंनी आळशी ठरवलेलाही होता.

शेवटचं कार्ड संपलं तेव्हा कुठे तानुबाईला आठवलं, "वरती पापड!"

सगळे गच्चीवर धावले. अर्ध्या खाटेवर कावळ्यांची पंगत उठून गेली होती. खाली ताटाखालच्या लाट्यांना चिरा पडल्या होत्या. मग जे पापड लाटले गेले ते कडेने फाटलेले आणि मधे जाड. वर्षभर निवृत्तीरावांच्या ताटात तेच पापड पडले. तळले तरी फुलत नसत, नुसते वाकडे होत. विमल एका शब्दानेही काही बोलली नाही. जेवताना फक्त पापड वाढायची.

हंगाम पावसाळाभर चालला. हॅनिगनने कुंपणाबाहेर इतके चेंडू मारले, की कोंडाजींचा आवाज ऐकून कॅन्टीनवाला दचकायचा. बायकांनी निवडून दिलेला संघ काळूने चालवला. टिब्स रोज चालत जायचा आणि रोज घरी यायचा, त्यामुळे तो संघ दुसरा आला. निवृत्तीराव आले शेवटचे.

शेवटचा सामना हरले तेव्हा निवृत्तीराव टाळी वाजवून उठले. वाल्मीकला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. पण निवृत्तीरावांनी नियमांचं पुस्तक उघडून पुढे केलं. शेवटी येणाऱ्याची पहिली निवड! आता पोहे नाहीत, सिनिऑरिटी नाही. पुढच्या एप्रिलमध्ये हॅनिगन त्यांचा होता. हरण्याचा एवढा आनंद त्या कारखान्यात कोणालाच झाला नसेल. घरी जाऊन त्यांनी तो नियम विमललाही दोनदा वाचून दाखवला. विमलने तो नीट ऐकला.

एप्रिल आला. निवड सोमवारी ठरली, या वेळी कॅन्टीनमध्येच. (घराचं नावही निवृत्तीरावांनी काढलं नाही.) पण आदल्या रविवारी सकाळी विमल म्हणाली, "अहो, चांगला शर्ट घाला. लंकाबाईंकडे जायचंय. सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलंय."

लंकाबाईंकडे पुरुष भिंतीशी रांगेने बसले होते. कोंडाजी, वाल्मीक, काळू. कोंडाजींचे वडील सावळीरामबाबाही आले होते. न्हाणीत पाय घसरल्यापासून त्यांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. समोर बायका होत्या.

"पापडाचं पीठ कुटायला आमचे हात भरून येतात," लंकाबाईंनी सांगायला सुरुवात केली. "आणि नवरे आपापल्या घरी अंग चोरतात. दुसऱ्याच्या घरी मात्र मान राखायला म्हणून जोरात कुटतात. तेव्हा यंदा तुमच्यासारखंच करायचं. एकेकीने एकेक माणूस निवडायचा. तिच्या नंबराला तो कुटणार. पहिली निवड कोणाची, ते विमल सांगेल."

"गेल्या वर्षी जिचे पापड सगळ्यात वाईट झाले तिची," विमल म्हणाली. "म्हणजे माझी. नियमाचं पुस्तक आहे ह्यांच्याकडे. आणि सगळ्यात चांगले लंकाबाईंचे, त्या शेवटी."

निवृत्तीरावांच्या छातीत काहीतरी उडालं. बायको. पहिली निवड. आणि रांगेत ते! सगळ्या कॉलनीदेखत! त्यांनी पाठ ताठ केली. शर्टाच्या बाह्या दुमडल्या, म्हणजे दंड दिसावेत. (दंड तसे नव्हते, पण बाह्या नीट दुमडल्या गेल्या.) सटाण्याच्या मैदानापासून ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा पापडाच्या निमित्ताने येईल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

विमलने रांगेवरून नजर फिरवली. निवृत्तीरावांवर ती जरा थांबली. निवृत्तीराव हसले. तीही हसली.

"वाल्मीकभाऊ," ती म्हणाली.

"अगं!" निवृत्तीरावांच्या तोंडून निघालं.

"अहो, तुम्ही घरचेच. तुम्हाला काय निवडायचं?"

तानुबाईने कोंडाजींना घेतलं. लताबाईंनी काळूला घेतलं. लंकाबाईंनी बराच विचार केला. निवृत्तीरावांच्या दंडाकडे पाहिलं, सावळीरामबाबांच्या प्लास्टरकडे पाहिलं.

"बाबा," त्या म्हणाल्या. "एका हाताने, पण मन लावून कुटतील."

आता भिंतीशी एकटे निवृत्तीराव उरले. बाकीच्यांच्या चपलांचा ढीग शेजारी होताच.

"दुसऱ्या फेरीत जी शेवटी होती ती पहिली," विमलने पुस्तकाला धरून सांगितलं. "हे पण तुमचेच, लंकाबाई."

"उगीच नाही घेणार," लंकाबाई म्हणाल्या. "वर तुझा सागवानी पोळपाट दे."

विमलने पोळपाट दिला. घासाघीसही केली नाही.

पहिला नंबर लंकाबाईंकडेच, त्याच दिवशी होता. सावळीरामबाबांनी उजव्या हाताने गोळा असा कुटला, की पोरांनी बघत राहावं. निवृत्तीरावांचा वरवंटा पहिल्यांदा गोळ्यावर, दुसऱ्यांदा पाट्यावर आणि तिसऱ्यांदा त्यांच्याच अंगठ्यावर पडला. त्यावर सगळ्या बायकांचं एकमत झालं, "भावजी, तुम्ही वर जाऊन कावळे राखा."

निवृत्तीराव गच्चीवर खाटेजवळ बसले. ऊन रणरणत होतं. उद्या कॅन्टीनमध्ये पहिली निवड आपली आहे, हॅनिगन आपला आहे, असं ते मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत होते, पण सुजलेला अंगठा ऐकत नव्हता. आपल्या बायकोनेही आपल्याला घेतलं नाही, ही गोष्ट त्यांना फार लागली होती.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. विमल आली होती. तिने घरची जुनी काळी छत्री त्यांच्या हातात दिली आणि घाईने खाली गेली.

निवृत्तीरावांनी छत्री मांडीवर घेतली. निवडलं नसेल, पण उन्हात बसलेल्या नवऱ्याची आठवण तर राहिली! शेवटी आपलं माणूस ते आपलं माणूस. त्यांनी छत्री उघडली, डोक्यावर धरली आणि सावलीत डोळे मिटून घेतले.

"अहो!" खालून विमलचा आवाज आला. "डोक्यावर काय धरलीत? खाटेवर पापडांजवळ ठेवा ती! कावळे छत्रीला घाबरतात!"